चित्राची प्रत आणि लहियाचा धर्म

साहित्याच्या अभ्यासकाला ‘प्रत’ या शब्दाचे वजन ठाऊक असते. मूळ प्रत कोणती, नक्कल कोणती, नक्कल करणाऱ्याने कुठे डुलकी घेतली आणि कुठे आपले शहाणपण घुसडले, या प्रश्नांवरच पाठचिकित्सेची सारी इमारत उभी आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण इतके चिकित्सक नसतो. पुस्तकात छापलेला अजिंठ्याचा पद्मपाणी पाहून ‘पद्मपाणी पाहिला’ असे आपण बेधडक म्हणतो. वस्तुतः आपण पाहिलेली असते ती एका छायाचित्रकाराने घेतलेली आणि एका मुद्रकाने छापलेली प्रत. चित्र आणि आपण यांच्यामध्ये किमान दोन माणसे उभी असतात आणि त्यांचे काम जितके चांगले, तितकी ती कमी दिसतात.

गेल्या हिवाळ्यात अशा न दिसणाऱ्या माणसाचे काम आमच्या वाट्याला आले. आम्ही दोघे धाराशिवात मराठी शिकवतो. पोथ्यांची पाने टिपण्यासाठी आमच्याकडे एक बरा कॅमेरा, एक भक्कम तिपाई आणि दोन दिवे आहेत, ही बातमी कशी कोण जाणे, गावातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांपर्यंत पोचली. त्यांना इथे नुसते ‘सर’ म्हणू. सारे गाव तसेच म्हणते. तीसहून अधिक वर्षे त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले, स्थिरचित्रासाठी घरचे तांबे-पितळ शाळेत नेले आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे काढून ती लोखंडी पेटीत ठेवली. आता सत्तरी ओलांडल्यावर मुंबईच्या एका कलादालनात प्रदर्शनासाठी अर्ज करावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. अर्जासोबत वीस चित्रांची छायाचित्रे हवी होती. मूळ चित्रे निवड समिती पाहणार नव्हती. म्हणजे सरांच्या उभ्या आयुष्याचा निवाडा आमच्या प्रतीवरून होणार होता. त्यांच्या मुलीने मोबाइलवर काढलेले फोटो त्यांनी आम्हाला दाखवले. प्रत्येक चित्र वर निमुळते होत गेले होते आणि निम्म्या चित्रांवर फोटो काढणारीच्या हातांची सावली पडली होती.

सपाट चित्राचे छायाचित्र घेणे हे जगातले सर्वांत सोपे काम वाटते. चित्र हलत नाही, डोळे मिटत नाही, बसण्याची ढब बदलत नाही. पण याच कारणाने तिथे कुठलीही सबब चालत नाही. मागण्या दोनच असतात: कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा आणि उजेड चारही कोपऱ्यांत सारखा हवा. समांतरतेची एक जुनी युक्ती आहे. चित्राच्या मधोमध, पृष्ठभागाला टेकवून, एक छोटा सपाट आरसा धरायचा. कॅमेऱ्यातून पाहताना भिंगाचे प्रतिबिंब दृश्याच्या बरोबर मध्यावर दिसले तर कॅमेरा सरळ आहे. ते जरा सरकलेले दिसले तर कॅमेरा कुठेतरी कलला आहे. उजेडाची परीक्षा पेन्सिलीने होते. दोन दिवे दोन बाजूंना, सारख्या अंतरावर, चित्राशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून ठेवायचे आणि चित्राच्या मध्यावर पेन्सिल काटकोनात उभी धरायची. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद पडल्या म्हणजे उजेड समतोल झाला. दिवे फार जवळ ठेवले तर कडा उजळतात आणि मध्य मंदावतो, म्हणून ते जागा असेल तितके दूर न्यायचे. सरांची ओसरी त्या मानाने लहान होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सारा संसार शेजारच्या घराच्या पडवीत हलवला.

बाहेरचा उजेड मात्र बंद करावा लागला. मराठवाड्यातल्या हिवाळ्यातले ऊन फोटोला उत्तम, असे सर्वांचेच मत पडले. पण सावलीतल्या उजेडात आभाळाची निळाई मिसळते, पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड पिवळा होतो आणि तासाभरात सारे बदलते. पहिले चित्र सकाळच्या उजेडात आणि विसावे दुपारच्या, असा संच तयार झाला तर तो एका हाताचा वाटणार नाही. म्हणून दारे-खिडक्यांना काळे कापड लावले. चित्राशेजारी रंगांची एक पट्टी ठेवली. चोवीस चौकोनांची ही पट्टी १९७६ पासून जगभर वापरात आहे. तिच्यातले रंग कसे दिसायला हवेत हे ठरलेले असते. ते तसे दिसले नाहीत तर उजेडात किंवा कॅमेऱ्यात खोट आहे हे कळते. काकूंनी विचारले, “हे ठिगळ कशाला?” त्यावर सरच म्हणाले, “ही गोरोबाकाकांची थापटी. कुणाचं मडकं कच्चं, ते कळतं हिनं.” तेर इथून पंचवीस किलोमीटरवर आहे; त्या गावच्या कुंभाराने संतांची डोकी थापटून पाहिल्याची गोष्ट इथल्या माणसाला पाठ असते. आम्हाला ती उपमा आवडली, कारण त्या गोष्टीतही थापटी डोक्यांना घडवत नाही, फक्त आवाज ऐकवते.

पहिला पेच लिनोच्या छापांनी टाकला. सरांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिनोलियमवर कोरून, छापयंत्र नसल्यामुळे चमच्याच्या पाठीने घासून, काही छाप घेतले होते. एकावर तुळजापूरची यात्रा, एकावर परंड्याच्या किल्ल्यातली तोफ. चमच्याचा दाब जिथे जास्त पडला तिथे शाई दाट आणि कागद किंचित दबलेला. हात फिरवला की कळते. दोन्हीकडून सारखा उजेड टाकला की ही सारी उंचसखलता नाहीशी होते आणि छाप ऑफसेटवर छापलेल्या पत्रकासारखा निर्जीव दिसतो. एकाच बाजूने, अगदी तिरपा उजेड टाकला तर दाब दिसतो, पण मग उजेड सारखा राहत नाही. शेवटी पूर्ण छाप सारख्या उजेडात आणि त्याचा एक तुकडा तिरप्या उजेडात, अशी दोन छायाचित्रे घ्यायचे ठरले. समास कापायचे नाहीत हेही ठरले. छापाच्या खाली पेन्सिलीने लिहिलेला प्रतिक्रमांक आणि सही हा छापाचाच भाग आहे; दहापैकी तिसरी प्रत म्हणजे आणखी नऊ कुठेतरी आहेत किंवा होत्या, हे त्या समासातच लिहिलेले असते.

खरा वाद जलरंगांवरून झाला. सरांचे नळदुर्गाचे एक चित्र आहे, १९८६ सालचे. बोरी नदीवरचा आदिलशाही बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि भर पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा असतो. त्या चित्रातले सारे पाणी म्हणजे सोडलेला कागद आहे. आणि तो कागद जवळपास चाळीस वर्षे पेटीत राहून चहाच्या रंगाचा झाला आहे. त्यामुळे चित्रातली दुपार आता संध्याकाळ वाटते आणि धबधब्याला पुराच्या पाण्याचा गढूळपणा आला आहे.

गंमत अशी की कॅमेरा आपल्या मर्जीवर सोडला तर तो हा प्रश्न न विचारताच सोडवून टाकतो. पिवळा कागद दिसला की उजेडच पिवळा असावा असा तर्क तो बऱ्याचदा करतो आणि परस्पर कागद पांढरा करतो. पाठचिकित्सेत अशा नक्कलकाराला फार भ्यावे लागते. अक्षरओळखीपुरते शिकलेला लहिया चुकतो, पण त्याची चूक उघडी दिसते. विद्वान लहिया न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द घालतो आणि मूळ शब्द कायमचा हरवतो. आम्ही कॅमेऱ्याची ती विद्वत्ता बंद केली, पट्टीवरून रंग बेतले आणि सरांना पडद्यावर चित्र दाखवले. ते हुबेहूब होते. सर नाराज झाले.

“कागद पिवळा मी केलेला नाही,” ते म्हणाले. “मी पांढऱ्यावर काढलं होतं.”

“पण सर, आज चित्र असंच आहे.”

“आज मीही असाच आहे. पण अर्जावरचा फोटो मी दाढी करूनच काढला की!”

या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नव्हते. आमची बाजू अशी होती की, कागद पांढरा केला म्हणजे १९८६ परत येत नाही. त्या चित्रातला किरमिजी आता विटून फिकट गुलाबी झाला आहे; तो परत येणार नाही. पिवळेपणा काढताना निळा अधिक निळा होईल. हाती लागेल ते १९८६ चेही नसेल आणि आजचेही नसेल. ते कधीच अस्तित्वात नसलेले एक तिसरेच चित्र असेल. सरांची बाजू अशी की, निवड समितीला त्यांचे चित्र दाखवायचे आहे, कागदाचा आजार नव्हे. पाहणाऱ्याला पुरात गढूळलेला धबधबा दिसला तर ती प्रतही खोटीच ठरते, कारण चित्रकाराने तसा धबधबा काढलेलाच नव्हता.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलांमधून साचलेला मळ काढून ऐकणाऱ्याच्या कानी ग्रंथ निर्मळ पडावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, ती नेमकी उलट ओढीने. त्यांना त्या जुनेपणातच भाषेचा इतिहास हवा होता. दोघेही ज्ञानेश्वरीशी एकनिष्ठच होते. फरक इतकाच की एकाची निष्ठा ग्रंथाच्या आशयाशी होती आणि दुसऱ्याची त्याच्या अवशेषांशी.

चित्रांच्या बाबतीत हीच कथा मराठवाड्यात अधिक दुःखद रीतीने घडून गेली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला. त्याने कॅनव्हासवर केलेल्या बहुतेक प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे तिथे बसले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यांतूनच घडले. त्या प्रतींपैकीही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. याहून विलक्षण गोष्ट अशी की प्रत करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचा थर दिला. हे थर कालांतराने पिवळे पडले, काळवंडले आणि चित्रे त्यांच्यामागे दिसेनाशी होऊ लागली. पुढच्या पिढ्यांना ते सावकाश उतरवावे लागले. म्हणजे अजिंठ्याचा पिवळेपणा केवळ काळाचा नाही. त्यात प्रत करणाऱ्यांचा आणि जपणाऱ्यांचाही वाटा आहे.

त्याच निजामाच्या राज्यात, ज्या राज्यात तेव्हा उस्मानाबादही होते, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार भाग प्रसिद्ध केले. या प्रतिकृती छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत असे त्या ग्रंथाच्या शीर्षकातच सांगितले आहे. ‘आधारलेल्या’ हा शब्द आम्हाला फार प्रामाणिक वाटतो. हे अजिंठा आहे असा त्यात दावा नाही. अजिंठ्यापर्यंत आम्ही कोणत्या वाटेने पोचलो याची कबुली आहे.

सरांशी झालेल्या वादाचा निकाल आम्ही याच वाटेने लावला. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती करायच्या. एक जशीच्या तशी, शेजारी रंगपट्टी, कागदाच्या चारही कडा आणि मागची बाजूही टिपलेली. ती सरांच्या घरी आणि आमच्या कपाटात राहील. दुसरी अर्जासाठी: तिच्यात कागदाचा पिवळेपणा सबंध चित्रावर सारखाच कमी करायचा, पण कुठल्याही एका जागी हात लावायचा नाही, विटलेला रंग भरायचा नाही, डाग पुसायचा नाही. सर म्हणाले, “चालेल. दाढी करा, मिशा काढू नका.”

अठरा चित्रे या नियमाने पार पडली. उरलेल्या दोन जागांसाठी सरांनी पेटीच्या तळातून एक वेगळे बाड काढले. त्यात शाईची आठ रेखाटने होती, १९९० च्या आसपासची. आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरच्या परिसरात सरांची बहीण दिली होती. दिवाळीला गेले की सर तिथली घरे काढत. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद, भिंतीतले बळद, उंबऱ्यापाशी उलटी ठेवलेली घागर. काढलेली चित्रे बहिणीलाच देऊन येत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, ती माळवदे खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बहीण वाचली, घरातली तीन माणसे वाचली नाहीत. काही आठवड्यांनी ढिगाऱ्यातून भांडीकुंडी उपसताना ट्रंक सापडली आणि तिच्यात ही रेखाटने. गाव पुढे दुसऱ्या जागी आखीव रस्त्यांवर वसले. जुन्या गावाची ती गल्ली आता या कागदांवरच आहे.

त्यांतल्या एका रेखाटनावर, बरोबर माळवदाच्या खाली, तळहाताएवढा मातकट डाग आहे. आम्ही ते आमच्या नेहमीच्या समतोल उजेडात टिपले आणि पडद्यावर पाहून दोघेही गप्प झालो. डाग इतका देखणा दिसत होता! चित्रकाराने ब्रशने हलका तपकिरी हात फिरवून भिंतीला सावली दिली असावी असे कुणालाही वाटले असते. आमची प्रत तंत्राच्या प्रत्येक कसोटीला उतरत होती आणि तरी ती पाहणाऱ्याला फसवणार होती. एक दिवा विझवून दुसरा तिरपा केला, तेव्हा डागाला जाडी आली, कण दिसू लागले आणि ती माती आहे हे कळले.

आम्ही सरांना विचारले, हा डाग तरी अर्जाच्या प्रतीत सौम्य करायचा का? पिवळ्या कागदावरून आमच्याशी भांडलेले सर या वेळी लगेच म्हणाले, “नाही. ती तिच्या भिंतीची माती आहे.” अर्जात प्रत्येक चित्राचे माध्यम लिहायचे होते. आमच्यातल्या एकाने सुचवले की ‘कागदावर शाई आणि माती’ असे लिहावे. आजकालच्या कलाजगतात ते खपूनही गेले असते, कदाचित आवडलेही असते. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माध्यम चित्रकार निवडतो. माती मी निवडली नव्हती.” आणि त्यांनी ‘कागदावर शाई’ एवढेच लिहिले.

त्या उत्तराचा आम्ही अजून विचार करतो आहोत. कागद पिवळा होणे आणि कागदाला माती लागणे, दोन्ही चित्रकाराच्या हातून झालेले नव्हते. एक त्याने काढायला लावले, दुसरे ठेवायला लावले, आणि ठेवूनही ते आपले म्हणायला नकार दिला. कोणते व्रण चित्राचे आणि कोणते नुसते कागदाचे, हे कॅमेऱ्याला कळत नाही आणि पट्टीवरचे चोवीस चौकोनही सांगू शकत नाहीत. ते ज्याचे चित्र आहे त्याला विचारावे लागते; तो नसेल तर त्याच्या माणसांना; तीही नसतील तर काही न पुसता, न सुधारता थांबावे लागते. हुबेहूबपणा ही तांत्रिक गोष्ट आहे आणि ती साधता येते. इमान मात्र कुणाशी राखायचे हे दर चित्रापाशी नव्याने ठरवावे लागते. संपादकांना आणि अनुवादकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. छायाचित्राच्या बाबतीत यंत्र मध्ये असल्यामुळे आपण ते विसरतो, इतकेच.

जुने लहिये पोथी संपली की शेवटी चार शब्द आपले लिहीत. जसे समोर दिसले तसे उतरले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नव्हे, असे ते म्हणत. पाठ वाकली, मान मोडली अशी तक्रारही करत. आणि वाचणाऱ्याला विनवत की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून ही पोथी सांभाळ. त्या समाप्तिलेखात तिथी असे, गाव असे, कुणासाठी प्रत केली ते असे. पुढच्या अभ्यासकाला त्या चार ओळींचा आधार कधीकधी सबंध ग्रंथाहून मोठा वाटतो. छायाचित्राला असा शेवट नसतो. ते जणू कुणी घेतलेच नाही अशा थाटात समोर येते.

म्हणून सरांच्या संचाबरोबर आम्ही एक कागद जोडला. प्रत्येक चित्रापुढे लांबी-रुंदी, साल, छायाचित्राची तारीख, उजेड कसा होता आणि प्रतीत काय बदलले. नळदुर्गाच्या चित्रापुढे लिहिले: कागदाचा पिवळेपणा चित्रकाराच्या सांगण्यावरून कमी केला आहे, मूळ रंगाची प्रत वेगळी ठेवली आहे. सास्तूरकडच्या त्या रेखाटनापुढे काय लिहायचे ते सरांनीच सांगितले: डाग मातीचा, १९९३, चित्राचा भाग नाही, काढू नये.

अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेले नाही. पेटीतली आणखी दीडशेच्या वर चित्रे टिपायची राहिली आहेत.